लिंबाजीचे डोळे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून असेल. ओळखीचं माणूस समोर बसलं की मी पुन्हा खोटं बोलेन, याची मला खात्री आहे. सवयच आहे मला त्याची.

आधी मी कोण ते सांगतो. लातुरात मला ‘एअरफोर्सवाले सर’ म्हणायचे. कंधारच्या शाळामास्तराचा मुलगा. हवाई दलात नेव्हिगेटर झालो, मालवाहू विमानांवर नोकरी केली, आणि तिथून बाहेर पडल्यावर लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवलं. आता क्लास बंद आहे. गुडघे दुखतात, पेपर वाचतो, त्यातल्या चुका काढतो. दुसऱ्याच्या चुका मला अजूनही पटकन सापडतात.

आता लिंबाजी. नाव न घेता हे सांगता यायचं नाही.

लिंबाजी मुखेडचा. आमच्याच विमानावर सार्जंट होता. मागे सामानाच्या भागात त्याची जागा. माल नीट बांधलाय का, दार नीट लागलंय का, हे बघायचं आणि खिडकीतून इंजिनावर नजर ठेवायची, हे त्याचं काम. मी ऑफिसर, तो सार्जंट. चारचौघांत कडक सॅल्यूट ठोकून ‘सर’ म्हणायचा, आणि आजूबाजूला कुणी नसलं की ‘गाववाले’. कंधार आणि मुखेड काही एक गाव नव्हे. पण आसामातल्या आमच्या तळावर बसल्यावर सगळा नांदेड जिल्हा एका गल्लीएवढा वाटतो. सुट्टीवरून येताना आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणायचा आणि निम्मी माझ्या खोलीवर आणून ठेवायचा. मी परत काही दिल्याचं मला आठवत नाही.

एकदा सुट्टीत तो कंधारला आमच्या घरी आला होता. आईनं त्याला चहा दिला — वेगळ्या कपात. तिनं आधी त्याचं आडनाव विचारून घेतलं होतं. लिंबाजीनं चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि पालथा घालून ठेवला. मी बघत होतो. बोललो काहीच नाही. हा तो कबुलीजबाब नव्हे. पण मी कसा माणूस आहे ते तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

तर ती संध्याकाळ. माल उतरवून आम्ही रिकामं विमान घेऊन परत निघालो होतो. आभाळ स्वच्छ. वैमानिक डाव्या सीटवर, उजवीकडचा दुसरा वैमानिक खाली वाकून नकाशाच्या घड्या घालत होता. मी माझ्या रडारशी. त्या रडारच्या पडद्यावर काळं रबरी झाकण असायचं. त्यात तोंड खुपसून बघावं लागे, आणि एका वेळी एकाच माणसाचं तोंड मावे. हे लक्षात ठेवा. पोरांना शिकवताना मी जे महत्त्वाचं असेल ते दोनदा सांगायचो — एकाच माणसाचं तोंड मावे.

पडद्यावर एक ठिपका आला. समोर, जरा उजवीकडे. ढग असा दिसत नाही, डोंगर तर नाहीच. ढगाची कड विस्कटलेली असते. हा घट्ट होता, गोटीसारखा. आमच्या पुढे, आमच्याच वेगानं चाललेला. मी खटका खालीवर करून पाहिला, बाजूला एक चापट मारली. ते यंत्र अधूनमधून रुसायचं. ठिपका गेला नाही. मग एकदम सरकला — विमानं अशी सरकत नाहीत — आणि उजव्या कडेनं पडद्याबाहेर गेला.

आणि लगेच कानात लिंबाजीचा आवाज. “सर, उजव्या बाजूला उजेड आहे. आपल्यासोबत येऊन राहिला.”

समजलं ना तुम्हाला? मी यंत्रात पाहिलं, त्यानं खिडकीतून. एकच वस्तू, माझ्याकडून त्याच्याकडे गेलेली. वैमानिकानं विचारलं, “नेव्हिगेटर, रडारवर काही?” आमच्यात नियम होता — एकानं दिसलं म्हटलं की दुसऱ्यानं आपल्याला काय दिसतंय ते बोलायचंच. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. त्यावर सगळ्यांचा जीव अवलंबून असतो.

मी म्हणालो, “काही नाही, सर.”

का? मीही हे स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की प्रश्न गुळगुळीत झालाय. ठिपका दिसताच बोललो नव्हतो, म्हणून आता बोलायची लाज वाटली? असेल. असलं काही दिसलं म्हणणाऱ्या माणसाला आधी डॉक्टरकडे पाठवतात, मग मेसमध्ये त्याची टिंगल होते, हे मी पाहिलं होतं. तेही असेल. परदेशातल्या एका ट्रेनिंगसाठी माझं नाव पुढे गेलं होतं, घरी लग्नाचं चाललं होतं. या सगळ्याची बेरीज केली तरी उत्तर एकच येतं. मी घाबरलो. आभाळातल्या वस्तूला नाही हो — माणसांना.

तिथंच संपलं असतं. पण उतरल्यावर पंखाखाली उभं राहून ज्यानं त्यानं आपापलं सांगायची आमची पद्धत. इंजिनाचा आवाज बदलला, कसला वास आला, काय दिसलं — सगळं. लिंबाजीनं सांगितलं. वैमानिक म्हणाला, सोड ना यार, तारा असेल. लिंबाजी म्हणाला, तारा अशी उडी मारत नाही, सर. मग ते वर गेलं. वरच्यांनी त्याला समजावलं, रागावले, पुन्हा समजावलं. दिसलं नाही एवढं म्हण आणि मोकळा हो. तो म्हणाला, “दिसलं ते दिसलं. नेव्हिगेटर साहेबांना इचारा. यंत्र त्यांच्याकडं व्हतं.”

मला बोलावलं. लिंबाजी भिंतीशी सावधान उभा. विचारलं — त्या वेळी रडारवर काही होतं का? आधी एकदा ‘नाही’ म्हणून झालं होतं. आता ‘हो’ म्हटलं असतं तर पहिलं खोटं ठरत होतं. आणि माझ्या शब्दाला वजन होतं. मी ऑफिसर, मी मास्तराच्या घरातला, माझं इंग्रजी चांगलं. तिथल्या एकाच्याही मनात आलं नाही की हा खोटं बोलत असेल.

“काही नव्हतं, सर.”

लिंबाजीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर माझी झोप आज इतकी उडाली नसती. तो आधी चकित झाला, आणि मग — मला हे समोर दिसलं, चेहऱ्यावर — त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून माझ्यावर ठेवला.

त्याला दवाखान्यात पाठवलं. मनाच्या डॉक्टरांनी महिना-दोन महिने ठेवून घेतलं. उडणं बंद झालं, गोदामात बसवलं, मुदत संपल्यावर घरी पाठवलं. जायच्या आधी तो मला भेटायला आला. मी नाही, तोच आला. म्हणाला, “वाईट नका वाटून घेऊ, गाववाले. तुमी न्हाई म्हनले तवा मला पटलं. यंत्र कशाला खोटं बोलंल?”

यंत्र खोटं बोललंच नव्हतं.

मुखेडला गोष्ट त्याच्याआधी पोहोचली होती. लोक त्याला ‘तबकडी’ म्हणायला लागले. बाजारात, एसटी स्टँडवर — काय तबकडी, आज काय दिसलं? हे मला सुट्टीत कुणीतरी हसत हसत सांगितलं. मीही हसलो.

मग भूकंप झाला. मी तेव्हा दूर होतो. किल्लारीचं नाव रेडिओवर ऐकलं, आपले लोक सुखरूप आहेत ना म्हणून कंधारला फोन लावले. लिंबाजीची सासरवाडी त्या भागात आहे, हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

पुढे काही वर्षांनी नोकरी सोडून मी लातुरात आलो. तेव्हा लातूर क्लासेसनी फुगत चाललं होतं. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस, सायकलींच्या रांगा, चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. नांदेड, बीड, परभणी, कुठकुठून आईबाप पोरांना घेऊन यायचे. एकेका क्लासच्या फुकट तासाला बसवायचे आणि मग ठरवायचे. त्या पहिल्या तासाला पोरं हसली पाहिजेत — हसली की बसतात. मला शिकवता येत होतं, पण हसवता येत नव्हतं.

म्हणून मी लिंबाजी काढला.

नाव घेत नसे, तेवढा सभ्य मी होतो. रडार शिकवायला घ्यायचा आणि म्हणायचं, आमच्या विमानावर एक सार्जंट होता, मुखेडचा. मुखेड म्हटलं की तिकडच्या पोरांचा गलका. मग त्याचा आवाज काढायचा — “सर, उजेड येऊन राहिला!” पोरं बाकं बडवायची. आणि शेवट असा — “लिहून घ्या. डोळे फसवतात, यंत्र फसवत नाही.” हॉलमध्ये टाळ्या. वर्षानुवर्षं हेच. माझा क्लास चालला तो त्या किश्श्यावर, असं माझी बायको कौतुकानं सांगते. ती खोटं बोलत नाही.

आणि एका जून महिन्यात लिंबाजी माझ्या केबिनच्या दारात उभा. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. सोबत एक मुलगी, सुजाता. अकरावीला घालायची होती. “दुसऱ्या कुटं कशाला जाऊ? आपले गाववाले हाईत.” सुजाता आदल्या दिवशीच्या फुकट तासाला बसून गेली होती. हे मला हजेरीवरून कळलं, तिच्या तोंडावरून नाही. ती जमिनीकडे बघत होती.

तिला फॉर्म आणायला बाहेर पाठवून तो बसला आणि त्यानं सांगितलं. तक्रार म्हणून नाही. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाला घरचं सांगतात, तसं.

मेव्हण्याच्या घराच्या डागडुजीला मदत म्हणून तो बायकोपोरांसह सासरवाडीला गेला होता. दगडमातीचं घर, हातभर रुंद भिंती. भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी शेताच्या कडेला, जमिनीलगत, त्याला उजेड दिसला. फिकट, निळसर, आला आणि गेला. जमिनीतून घुमल्यासारखा आवाजही आला. आदल्या वर्षी तिकडे बारीक हादरे बसले होते, तेव्हा लोक बाहेर झोपत. पुढे कंटाळून आत गेले होते. त्याच्या मनात आलं, आज सगळ्यांना बाहेर झोपवावं. बायकोनं विचारलं, काय बघून राहिलात? तो म्हणाला, “काय न्हाई.”

“कसं सांगावं, गाववाले? मला आधीबी दिसलंच व्हतं की. नसलेलं.”

उकडतंय म्हणून त्यानं एकट्यानं आपलं अंथरूण अंगणात टाकलं. तेवढाच विश्वास उरला होता त्याच्या डोळ्यांवर — स्वतःचं अंथरूण बाहेर नेण्यापुरता. धाकटी सुजाता त्याच्या मागोमाग आली, बापाजवळ झोपायचं म्हणून. बायको आणि मोठा मुलगा आत राहिले.

पहाटे भिंती खाली आल्या.

पंखा फिरत होता, बाहेर पोरं नोट्ससाठी भांडत होती. मग त्यानं विचारलं. इतक्या हळू, की मला नाही ऐकू आलं असं म्हणता आलं असतं.

“सर, एक इचारू का? त्या येळी रडारवर खरंच काय न्हवतं ना?”

आता मला कुणाची भीती होती, सांगा? ना नोकरी, ना चौकशी, ना ट्रेनिंग. केबिनमध्ये दोनच माणसं. एक शब्द बोलायचा होता. मी हवाई दलात असताना खोटं बोललो ते घाबरून, हे तुम्ही एक वेळ समजूनही घ्याल. पण त्या दिवशी?

“नव्हतं, लिंबाजी,” मी म्हणालो. “काहीच नव्हतं.”

तो मान हलवत राहिला. मग म्हणाला, “बरं झालं. म्हंजे त्या सांजचंबी काय नसंल.”

तुम्ही म्हणाल, मग दया केलीत त्याच्यावर. ते दोन्ही उजेड खरे होते असं कळलं असतं, तर बायकोपोराला आपणच आत झोपू दिलं या विचारानं तो मेला असता. हे मलाही सुचलं — पण घरी गेल्यावर, रात्रीचं जेवण झाल्यावर. बोलताना माझ्या डोक्यात तो नव्हताच. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी हो म्हटलं, तर ती दोन मेलेली माणसं माझ्या नावावर जमा होतील. म्हणून ती मी त्याच्याच अंगावर राहू दिली. दया नंतर चिकटवली आहे, बाटलीवरच्या लेबलसारखी. ती सुटून आलेली मला दिसते.

सुजाता दोन वर्षं माझ्या क्लासला होती. हुशार होती, कमी बोलायची. रडारचा धडा मी भराभर उरकला, तर मागच्या बाकांवरून पोरं ओरडली, “सर, तबकडीवाला सार्जंट!” मी तिच्याकडे पाहिलं. ती वहीत रेघ आखत होती. आणि मी — हो, मी सांगितला. फक्त ‘मुखेडचा’ हा शब्द गाळला. एवढी लाज माझ्यात शिल्लक होती, बघा.

लिंबाजी मागच्या उन्हाळ्यात गेला. बातमी उशिरा कळली. मी लोह्यावरून एसटीनं मुखेडला गेलो. सुजाता आता नांदेडला सरकारी नोकरीत आहे; घर आवरायला आली होती. तिनं मला खुर्ची दिली, चहा दिला. घरात होते तेच कप, तिचा आणि माझा सारखा. मला ते जाणवलं. तिला जाणवलं की नाही, माहीत नाही.

खिडकीत चष्म्यांची घरं रचलेली होती. बरीच. मी विचारलं, एवढे चष्मे?

“दादांचे,” ती म्हणाली. बापाला ती दादा म्हणे. “मुखेडला, लोह्याला, कंधारला, जिथं नेत्र शिबिर असंल तिथं जायचे. डॉक्टर म्हणायचे, आजोबा, नजर एकदम चांगली हाय, या वयात अशी पाहिली नाही. दादांना पटायचंच न्हाई. मग डॉक्टरच काहीतरी साधा नंबर द्यायचे.”

मी कप खाली ठेवला. मग ती म्हणाली, “सर, तुमचा तो किस्सा मी दादांना कधीच सांगितला न्हाई. त्यांना तुमच्याबद्दल लई वाटायचं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. त्याला नाही तर तिला तरी. ती समोर होती, दुपार होती, मला कुठं जायचं नव्हतं. मी तोंड उघडलंही. पण ती आपल्याच नादात पुढं सांगत होती.

“शिबिरवाल्यांनी नेत्रदानाचंबी विचारलं होतं. एवढे चांगले डोळे, कुणाच्या तरी कामाला येतील म्हणून. दादा म्हणाले, माझे नगं. घेनाऱ्या बिचाऱ्याला नसलेलं दिसंल.”

ती जरा हसली. आणि तिचे डोळे भरले. मी उघडलेलं तोंड मिटलं, उरलेला चहा संपवला. मग उठलो, येतो म्हणालो, आणि स्टँडवर येऊन परतीच्या गाडीत बसलो.

ते डोळे त्याच्याबरोबर जळाले.

चांगले होते. मला ठाऊक आहे, कारण त्या रबरी झाकणात माझं तोंड होतं. ठिपका समोरून आला, उजव्या कडेनं बाहेर गेला, आणि त्याच क्षणी लिंबाजी म्हणाला — उजव्या बाजूला उजेड आहे.

होता, लिंबाजी. रडारवर होता.